लोकसभेतल्या चर्चेनं विधेयक खरंच बदलतं का?

अक्षरवाट

अधिवेशन सुरू झालं की दोन प्रकारच्या चित्रफिती फिरू लागतात. एकीत अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत फलक घेऊन उभे असलेले खासदार, दुसरीत कुणाचं तरी दोन मिनिटांचं घणाघाती भाषण. तेवढं बघून बरेच जण ठरवून टाकतात की तिथे नुसती भांडणं होतात, ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं. मी सध्या लोकसभेची जुनी कार्यवृत्तं, म्हणजे सभागृहात कोण काय बोललं याची छापील नोंद, वाचतोय आणि मला हे अजिबात पटत नाही. चर्चेतून कायदे बदललेले आहेत. मात्र ते ज्या टप्प्यावर बदलतात तो टप्पा कुठल्याच चित्रफितीत येत नाही, आणि अलीकडे तोच टप्पा आक्रसत चाललाय. याची मला मनापासून काळजी वाटते, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी विधेयकाचा प्रवास. मंत्री विधेयक मांडायची परवानगी मागतात, हे पहिलं वाचन. दुसऱ्या वाचनाचे दोन भाग. आधी विधेयकाच्या तत्त्वावर सर्वसाधारण चर्चा होते. विधेयक प्रवर (त्याच सभागृहातल्या निवडक सदस्यांच्या) किंवा संयुक्त (दोन्ही सभागृहांच्या) समितीकडे पाठवायचं का, लोकमतासाठी प्रसृत करायचं का, हेही इथेच ठरतं. त्यानंतर खंडनिहाय विचार, म्हणजे एकेक कलम घ्यायचं, त्यावरच्या दुरुस्त्या मांडायच्या आणि प्रत्येकावर सभागृहाचा कौल घ्यायचा. तिसऱ्या वाचनात विधेयक मंजूर करावं की नाही एवढाच प्रश्न उरतो. दूरचित्रवाणीवर गाजतात ती भाषणं सर्वसाधारण चर्चेतली. कायद्याचा मजकूर हलतो तो समितीत आणि खंडनिहाय विचारात.

आपल्या घरातलंच उदाहरण देतो. राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल दिला. त्यात विदर्भ वेगळा आणि उरलेलं मुंबई राज्य मराठी-गुजराती द्विभाषिक अशी शिफारस होती. सरकारने १८ एप्रिल १९५६ ला जे विधेयक लोकसभेत मांडलं ते निराळंच होतं. त्यात तीन घटक होते : मुंबई शहर केंद्रशासित, मराठवाडा आणि विदर्भासह महाराष्ट्र, सौराष्ट्र आणि कच्छसह गुजरात. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, समितीचा अहवाल १६ जुलैला आला. त्याच महिन्यात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी, जे कुलाब्याचे खासदार होते, मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं आणि सभागृहात उभं राहून त्याची कारणं सांगितली. मुंबईबाबतचा निर्णय मंत्रिमंडळाला डावलून झाला आणि मुंबईतल्या गोळीबारांची चौकशी झाली नाही, हे त्यांचे मुख्य आक्षेप. यानंतर बऱ्याच खासदारांनी मिळून मोठ्या द्विभाषिकाचा तोडगा पुढे केला, सरकारने तो उचलला, आणि तीन घटकांची कलमं जाऊन त्यांच्या जागी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ सगळं सामावणारं एकच मुंबई राज्य आलं. राष्ट्रपतींची संमती ३१ ऑगस्टला, अंमल १ नोव्हेंबरपासून.

एप्रिलमध्ये मांडलेला नकाशा ऑगस्टमध्ये पार बदलला, आणि तो बदलला संसदेत. हा निर्णय मराठी माणसाला रुचला नाही हे वेगळं सांगायला नको. पण ‘आधीच ठरलेलं असतं’ म्हणणाऱ्यांनी तेवढे चार महिने जरूर वाचावेत.

तुम्ही कुठलं विधेयक असं बदलताना पाहिलंय?

देवगडकर

धागा आवडला. आमचा तेव्हाचा राजापूर मतदारसंघ या बाबतीत भाग्यवान. आधी बॅरिस्टर नाथ पै, मग १९७१ पासून १९९१ पर्यंत मधू दंडवते. आमच्या वडिलांच्या पिढीत खासदार लोकसभेत काय बोलला हे वर्तमानपत्रात शोधून वाचायची सवय होती. नाथ पै बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात त्यावर वाद होत.

नाथ पैंचं एक विधेयक इथे सांगावंसं वाटतं. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. एप्रिलमध्येच नाथ पैंनी घटनादुरुस्तीचं अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं, विधेयक आणलं. घटना दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेचाच, असा त्याचा गाभा. विरोधी बाकावरच्या एका सदस्याचं हे विधेयक संयुक्त समितीकडे गेलं आणि त्यावर कसून चर्चा झाली. त्यांच्या हयातीत ते मंजूर झालं नाही. ते जानेवारी १९७१ मध्ये गेले. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती आणली, तिचा गाभा तोच होता.

त्या भूमिकेशी सहमत असणं-नसणं बाजूला ठेवा. हरलेला किंवा अर्धवट राहिलेला युक्तिवादही कार्यवृत्तात राहतो आणि पुढे कुणीतरी तो उचलतो. आज शुक्रवारी दुपारी अशासकीय कामकाजाला सभागृह रिकामं असतं. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकंच कायदा झाली आणि शेवटचं १९७० साली. हे वाचलं की फार वाईट वाटतं.

कोरडवाहू

अक्षरवाट, तुमचं १९५६ चं उदाहरण खरं आहे, पण ते १९५६ चं आहे. मधे १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती झाली, पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. पक्षादेश (व्हिप) मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. हे सरकार पाडण्याच्या मतदानापुरतं असतं तर समजू शकलो असतो. अनुसूचीचे शब्द कुठल्याही मतदानाला लागू पडतात. म्हणजे एखाद्या खंडावर शेजारच्या बाकावरच्या सदस्याने चांगली दुरुस्ती सुचवली आणि मला ती पटली, तरी पक्षादेश असेल तर मी हात वर करू शकत नाही. मग कुणी कुणाला पटवून द्यायचं आणि का?

आता समित्यांचं बघा. शिवराज पाटील अध्यक्ष असताना १९९३ साली खात्यांशी निगडित स्थायी समित्यांची पद्धत सुरू झाली. अतिशय चांगली व्यवस्था. पंधराव्या लोकसभेत (२००९ ते २०१४) सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली. सतराव्या लोकसभेत (२०१९ ते २०२४) हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आलं.

कृषी कायदे आठवा. तीनपैकी मुख्य दोन लोकसभेत १७ सप्टेंबर २०२० ला मंजूर, राज्यसभेत २० तारखेला. विरोधक समितीकडे पाठवा म्हणत होते, मतविभाजन (प्रत्येकाचं मत मोजून नोंदवणं) मागत होते. गदारोळात आवाजी मतदानाने मंजुरी झाली आणि दुसऱ्या दिवशी ८ सदस्य निलंबित. हेच कायदे मागे घेणारं विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ ला आलं, तेव्हा दोन्ही सभागृहांत चर्चाच झाली नाही. आणतानाही चर्चा अपुरी, मागे घेतानाही नाही. ज्या शेतकऱ्याच्या नावाने हे झालं त्याला कार्यवृत्तात काय सापडणार?

सत्तेत कोण आहे यावर मी हे बोलत नाही. अंदाजपत्रकातल्या अनुदानाच्या मागण्यांवर गिलोटीन लावून चर्चेशिवाय मंजुरी घेणं सगळ्यांनीच केलंय. २०१८ आणि २०२३ मध्ये तर लोकसभेत एकाही खात्याच्या मागण्यांवर चर्चा न होता अंदाजपत्रक मंजूर झालं.

रानजाई

कोरडवाहू दादा, तुमचे आकडे बरोबर आहेत, आणि त्यातला ७१ टक्क्यांचा काळ कसा होता हे मी जवळून अनुभवलंय. आमच्या गावातल्या जमिनी राष्ट्रीय महामार्गात गेल्या. त्यामुळे २०१३ चा भूसंपादन कायदा आमच्याकडे घरोघरी पाठ आहे, म्हणून तो कसा तयार झाला ते मी मुळापासून वाचलं.

विधेयक सप्टेंबर २०११ मध्ये मांडलं, मंत्री जयराम रमेश. ते ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे गेलं. समितीच्या अध्यक्ष होत्या सुमित्रा महाजन, म्हणजे विरोधी पक्षाच्या. (चिपळूणच्या माहेरवाशीण, इंदूरच्या खासदार, पुढे लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या.) समितीने मे २०१२ मध्ये अहवाल दिला. खासगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन संपादित करूच नये, असं समितीचं म्हणणं होतं. सरकारने ते मान्य केलं नाही, संमतीची अट ठेवली : खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के, सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के जमीनधारकांची संमती.

समितीचा दुसरा आग्रह आमच्या दृष्टीने जास्त मोलाचा होता. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग अशा निरनिराळ्या कायद्यांखाली होणारं संपादन मूळ विधेयकातून वगळलेलं होतं. ते वगळू नका, असं समिती म्हणाली. शेवटच्या कायद्यात कलम १०५ मध्ये तोड निघाली : ते १३ कायदे चौथ्या अनुसूचीत राहिले, पण भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी एका वर्षाच्या आत त्यांनाही लागू करायच्या. १ जानेवारी २०१५ पासून त्या लागू झाल्या.

याचा अर्थ काय ते महामार्गात जमीन गेलेल्या माणसाला विचारा. आधी महामार्ग कायद्याखाली दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दल मिळणारी जादा रक्कम, मिळत नव्हती. नव्या हिशोबात ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोन या दरम्यानचा गुणांक, आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. आमच्या शेजारच्या काकूंनी त्या पैशात दुसरीकडे विहिरीसकट जमीन घेतली. सभागृहात मतदान चाललं होतं तेव्हा त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. समितीच्या खोलीत कुणीतरी त्यांची बाजू लावून धरली होती.

विधेयक लोकसभेत २९ ऑगस्ट २०१३ ला मंजूर झालं. राज्यसभेने ४ सप्टेंबरला त्यात आणखी दुरुस्त्या केल्या, म्हणून ते पुन्हा लोकसभेत यावं लागलं. दोन सभागृहं कशाला हवीत असं विचारणाऱ्यांसाठी हेही सांगते.

वैदर्भीय

१९५६ च्या गोष्टीत एक भाग सुटलाय. आम्हा विदर्भवाल्यांना तोच जास्त बोचतो.

घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याची सीमा बदलणारं विधेयक आणण्याआधी ते राष्ट्रपतींमार्फत त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला पाठवावं लागतं. १९५६ मध्ये विधिमंडळाला तीन घटकांच्या प्रस्तावावर मत विचारलं होतं. द्विभाषिकावर कुणी विचारलंच नाही, कारण तो संसदेतच उगवला. यावर बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य असा खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९५९ ला सांगितलं की एकदा मत मागितलं की पुरे. पुढे संसदेने दुरुस्ती केली तर प्रत्येक वेळी परत विचारायची गरज नाही, आणि राज्याचं मत संसदेवर बंधनकारकही नाही.

म्हणजे तुम्ही ज्याचं कौतुक करताय, सभागृहात विधेयक बदलण्याचं, त्यानेच राज्यांचं म्हणणं बाजूला पडलं. आणि पायंडा तोच राहिला. २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने पुनर्रचनेचं विधेयक नाकारलं, तरी १८ फेब्रुवारीला लोकसभेने ते मंजूर केलं. त्या वेळी सभागृहाचं थेट प्रक्षेपणही बंद पडलं होतं. त्याआधी पाचच दिवसांपूर्वी सभागृहात मिरपुडीचा फवारा मारला गेला होता. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरच्या वेळी तिथे राष्ट्रपती राजवट होती, त्यामुळे राज्याचं मतही संसदेनेच दिलं. ५ ऑगस्टला राज्यसभा, ६ ला लोकसभा.

संघराज्याच्या संसदेत चर्चा चांगली झाली की नाही हे मोजताना ज्यांच्याबद्दल बोललं गेलं त्यांना आधी विचारलं का, हे मी पहिलं बघतो.

अक्षरवाट

वैदर्भीय, पराते खटल्याचा उल्लेख केलात हे फार बरं झालं. तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मूळ धाग्यात हवा होता इतका महत्त्वाचा आहे. फक्त एक जोडतो. १९५६ ची संसद राज्यांचं मत मानायला बांधील नव्हती, तरी त्या सभागृहात या भागातले लोक उभे राहून बोलत होते. पुण्याचे काकासाहेब गाडगीळ मुंबईसह महाराष्ट्रासाठी बोलले, मुंबईचे स. का. पाटील त्याच्या विरुद्ध बाजूने. दोघेही काँग्रेसचे. एकाच पक्षाचे दोन मराठी खासदार भर सभागृहात परस्परविरोधी भूमिका घेतात, हे दृश्य आज शोधून सापडणार नाही. कोरडवाहूंनी पक्षादेशाबद्दल जे लिहिलंय त्याची खरी किंमत इथे कळते.

आणि शेवटी द्विभाषिक टिकलं नाही. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीला पश्चिम महाराष्ट्राने भरभरून मतं दिली, आणि १ मे १९६० ला त्याच संसदेच्या दुसऱ्या कायद्याने आपलं राज्य झालं.

रानजाई ताई, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतोय.

मुक्ता_१९

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. विधेयकांचं समजलं, पण राष्ट्रीय प्रश्नांवरच्या चर्चेचं काय? २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात मणिपूर जळत होतं आणि राज्यसभेत दिवसच्या दिवस नियम २६७ की नियम १७६ यावर वाद चालला होता. दोन्ही बाजू म्हणत होत्या की आम्हाला चर्चा हवीय. मग नियमाच्या आकड्यावर अडून का बसायचं? तिथल्या माणसांना यातून काय मिळालं?

अक्षरवाट

मुक्ता, तुझा राग समजतो. तरीही नियमाच्या आकड्याला खरंच अर्थ असतो. नियम १७६ म्हणजे अल्पकालीन चर्चा : ठराविक वेळ, शेवटी मंत्र्यांचं उत्तर, मतदान नाही. नियम २६७ म्हणजे त्या दिवसाचं बाकी कामकाज बाजूला ठेवून हाच विषय घ्यायचा. लोकसभेत अशीच जोडी आहे. नियम १९३ खाली चर्चा होते पण मत घेतलं जात नाही. नियम १८४ खाली प्रस्ताव असतो आणि शेवटी मतदान होतं. स्थगन प्रस्ताव (तातडीच्या विषयासाठी बाकी कामकाज थांबवण्याचा) मंजूर झाला तर तो सरकारवर ठपका समजला जातो.

२०१२ ची गोष्ट बघ. किरकोळ व्यापारात परकीय गुंतवणूक येऊ द्यायची का, यावर कितीतरी कामकाज वाया गेलं, कारण विरोधकांना मतदानासह चर्चा हवी होती. अखेर सरकार नियम १८४ ला तयार झालं. ४ आणि ५ डिसेंबरला चर्चा झाली, आणि सरकारी निर्णय मागे घ्यावा हा प्रस्ताव २१८ विरुद्ध २५३ मतांनी पडला. मतदान झाल्यामुळे बाहेर विरोध करणारा आणि आत सभात्याग करून सरकारला वाचवणारा पक्ष कोण, हे देशाला दिसलं. नियम १९३ खाली ही नोंद झालीच नसती.

मणिपूरच्या वेळी यातून वाट काढण्यासाठी विरोधकांनी अविश्वास ठराव आणला. तो दाखल व्हायला ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो. गौरव गोगोईंनी तो मांडला, ८ ते १० ऑगस्ट चर्चा झाली, पंतप्रधानांना उत्तर द्यावं लागलं. ठराव पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. अविश्वास ठरावाचा हा उपयोग जुना आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर पहिला अविश्वास ठराव आणला तोही पडणारच होता. पण त्याच चर्चेत राममनोहर लोहियांनी देशातले २७ कोटी लोक रोज तीन आण्यांवर जगतात असं मांडलं, नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा सांगितला, आणि गरिबी मोजायची कशी हा प्रश्न लोकसभेच्या मध्यभागी आला.

आणि चर्चा कधी नको, असा प्रश्न येतो तेव्हा मला नोव्हेंबर १९६२ आठवतं. चीनशी युद्ध चालू असताना ८ ते १४ नोव्हेंबर लोकसभेत चर्चा झाली, दीडशेहून जास्त सदस्य बोलले. सरकारवर कडक टीका झाली. युद्ध चालू आहे म्हणून गप्प बसा, असं त्या सभागृहाने कुणाला म्हटलं नाही.

सागरिका_म्हापसा

गोव्यातून लिहिते. आमचे लोकसभेत दोन खासदार आणि राज्यसभेत एक. महाराष्ट्राचे ४८ आणि १९. कामकाज सल्लागार समिती एखाद्या विधेयकाला चार तास देते, ते तास पक्षांच्या संख्याबळावर वाटले जातात. मोठ्या पक्षात असाल तर तुमचा नंबर लागेल की नाही ते पक्ष ठरवतो. छोट्या पक्षात असाल तर दोन-तीन मिनिटांत घंटा वाजते. राज्यसभा राज्यांची म्हणवते, पण तिथेही वेळ पक्षाला मिळतो, राज्याला नाही. त्यात २००३ पासून राज्यसभेच्या उमेदवाराने त्या राज्याचा रहिवासी असण्याची अटही गेली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. छोट्या राज्याला हे फार जाणवतं.

तरी संसदेने आमच्यासाठी एक गोष्ट केली ती विसरता येत नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, हे दिल्लीत बसून ठरवण्याऐवजी १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ ला आम्हीच मत दिलं. वैदर्भीय म्हणतात ते ‘आधी विचारणं’ तेव्हा शक्य झालं होतं.

एक शंका : आपला खासदार तिथे मराठीत किंवा कोकणीत बोलू शकतो ना?

देवगडकर

हो, बोलू शकतो. अनुच्छेद १२० प्रमाणे कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत, पण ज्याला या दोन्हींत नीट मांडता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. दुभाष्याची सोय व्हावी म्हणून आधी सूचना द्यावी लागते.

टोरंटोची_माई

मी इथे वृद्धांच्या निवासात नोकरी करते, म्हणून कॅनडाच्या संसदेतली एक चर्चा अगदी जवळून पाहिली. ती सांगते, कारण तुमच्या समित्यांच्या मुद्द्याशी तिचा संबंध आहे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने असाध्य वेदनेत असलेल्या माणसाला वैद्यकीय मदतीने मृत्यू निवडता यायला हवा, असं म्हटलं. सरकारने २०१६ मध्ये विधेयक आणलं, सी-१४. आमच्या निवासात त्या दिवसांत रोज तोच विषय. कुणाला ते पाप वाटायचं, कुणाला सुटका. सत्ताधारी लिबरल पक्षाने आपल्या खासदारांना मोकळेपणाने मत देऊ दिलं. समितीत डॉक्टर, वकील, अपंगांच्या संघटना साक्ष द्यायला आल्या. इथे समितीच्या बहुतेक बैठका उघड्या असतात आणि घरबसल्या बघता येतात. आपल्याकडे स्थायी समित्या बंद दाराआड बसतात, हा मोठा फरक.

विधेयकात एक अट होती : मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित असला पाहिजे. सिनेटने ती काढून टाकली. लोकनियुक्त सभागृहाने सिनेटच्या बऱ्याच दुरुस्त्या घेतल्या, ही मात्र नाकारली. सिनेटने शेवटी माघार घेतली आणि जून २०१६ मध्ये कायदा झाला. पण २०१९ मध्ये क्युबेकच्या न्यायालयाने तीच अट घटनाबाह्य ठरवली आणि २०२१ च्या कायद्याने ती अट गेली. देवगडकर काका नाथ पैंबद्दल म्हणाले तसंच झालं. हरलेला मुद्दा पाच वर्षांनी परत आला, आणि तेव्हा जुन्या चर्चेतले साक्षीपुरावे सगळे पुन्हा वाचले गेले.

इथेही सगळं छान आहे असं नाही. बहुमतातलं सरकार चर्चेला वेळेची मर्यादा घालतं आणि ती सर्रास घातली जाते. पण दुसऱ्या वाचनानंतर विधेयक समितीकडे जाणं हा नेहमीचा रस्ता आहे, त्यासाठी कुणाला विनवावं लागत नाही.

कोरडवाहू

माई, हेच तर मला म्हणायचं होतं. आपल्याकडे समितीकडे पाठवणं सरकारच्या आणि पीठासीन अधिकाऱ्यांच्या (लोकसभेचे अध्यक्ष, राज्यसभेचे सभापती) मर्जीवर आहे. तेवढा एक नियम बदलला, की प्रत्येक शासकीय विधेयक किमान ठराविक दिवस समितीत राहील, तर अर्धं दुखणं बरं होईल. उरलेलं अर्धं दहाव्या अनुसूचीत आहे : पक्षादेश फक्त विश्वास-अविश्वास आणि अर्थविषयक मतदानापुरता ठेवा. मनीष तिवारींनी असं अशासकीय विधेयक मांडलेलं आहे. देवगडकरांनी अशासकीय विधेयकांचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आणि समितीकडे गेलं म्हणजे झालं, असंही समजू नका. तीन नवी फौजदारी विधेयकं ऑगस्ट २०२३ मध्ये गृह खात्याच्या समितीकडे गेली, अहवाल आला, डिसेंबरमध्ये ती मागे घेऊन सुधारून मांडली. इथवर ठीक. पण २० आणि २१ डिसेंबरला ती मंजूर झाली तेव्हा दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार त्या अधिवेशनात निलंबित झालेले होते. दीडशे वर्षांहून जुनी भारतीय दंडसंहिता बदलताना खंडनिहाय दुरुस्त्या मांडायला समोर माणसंच नव्हती. गैरवर्तनावर कारवाई व्हावी, पण अशा विधेयकाला दोन आठवडे थांबता आलं असतं.

रानजाई

आपण काय करू शकतो, त्याबद्दल. समितीकडे विधेयक गेलं की लोकसभा किंवा राज्यसभा सचिवालय वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन सूचना मागवतं, मुदत साधारण पंधरा दिवसांची असते. कुणीही लिहू शकतं. आमच्या शेतकरी गटाने एका विधेयकावर असं निवेदन पाठवलं होतं. लांबलचक भाषण लिहू नका. कुठला खंड, त्यातले कुठले शब्द, त्याने आमच्या गावात काय होईल, आणि त्याऐवजी कुठले शब्द हवेत, एवढंच लिहा. बाधित माणसाने लिहिलेलं समितीतल्या सदस्याला प्रश्न विचारायला उपयोगी पडतं.

आणि तुमच्या खासदाराला भेटलात तर ‘तुम्ही बोलत का नाही’ असं विचारू नका. ‘या विधेयकात तुम्ही कुठली दुरुस्ती दिलीत’ असं विचारा. आमच्याकडे एका सभेत एका आजींनी तेच विचारलं, आणि खासदारांनी पुढच्या वेळी सहायकाला वही घेऊन बसवलं.

मुक्ता_१९

अक्षरवाट सर, १९५६ ची कार्यवृत्तं कुठे मिळतील? मला मणिपूरवरच्या तीन दिवसांच्या चर्चेवर निबंध लिहायचाय, पण आधी हे जुनं वाचून बघावं असं वाटतंय.

अक्षरवाट

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत, संकेतस्थळावर मोफत. राज्य पुनर्रचना विधेयक असं शोध आणि तारखेने गाळून घे. छपाई जुनी आहे, पानं वाकडी आलीयत, पण वाचता येतात. सर्वसाधारण चर्चा आधी वाचू नकोस. संयुक्त समितीचा अहवाल घे, त्याला जोडलेल्या भिन्नमतपत्रिका (असहमत सदस्यांची टिपणं) वाच, मग ऑगस्टमधला खंडनिहाय विचार. भाषणं त्यानंतर वाचलीस तर कोण कुठल्या शब्दासाठी भांडतोय ते लगेच कळेल.

आणखी कुणी येत असेल तर वाटून घेऊ. मी जुलै-ऑगस्टमधली देशमुखांची आणि गाडगीळांची भाषणं घेतो. प्रत्येकाने आपल्या भागाचं मराठीत टिपण करून इथेच टाकायचं, पानांच्या क्रमांकासह.

वैदर्भीय

विदर्भातल्या सदस्यांची भाषणं मी घेतो. पराते खटल्याचा निकालही मराठीत उतरवून टाकतो, त्यात विधेयकाचा सगळा तारीखवार प्रवास आहे.

देवगडकर

भिन्नमतपत्रिका माझ्याकडे. कोकणातलं कुणी असेल तर मुंबईच्या खंडावरचं मतदान तपासायला मदत लागेल, नावं बरीच आहेत.